टॉयज फॉर टॉट्स : बाहुली तयार होती, पत्ता नव्हता

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेतल्या दुकानांच्या दारात, बँकेत, ग्रंथालयात, ऑफिसच्या लिफ्टपाशी एक पुठ्ठ्याची पेटी येऊन बसते. पेटीवर आगगाडीचं चित्र आणि 'टॉयज फॉर टॉट्स' हे नाव. डिसेंबरपर्यंत ती खेळण्यांनी भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. इकडे नव्याने आलेली मराठी मंडळी दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. मी हिवाळ्यात गोदामात खेळणी निवडायला जाते हे माहीत असल्याने ते प्रश्न माझ्या फोनवर येतात. एकदाच लिहून ठेवलं की सुटले, म्हणून हा खटाटोप.

हे नक्की आहे काय?

गरजू घरांतल्या मुलांना नाताळात नवं खेळणं मिळावं म्हणून अमेरिकेच्या मरीन कोअरची (समुद्रावरून जाऊन किनाऱ्यावर लढणारं सैन्यदल) राखीव फौज, म्हणजे मरीन रिझर्व्ह, चालवते ती मोहीम. 'टॉट' म्हणजे तान्हं-लहानगं पोर. नाव लहानग्यांचं असलं तरी आता मोठ्या मुलांनाही वस्तू जातात. १९४७ पासून हे काम चालू आहे.

सुरुवात कशी झाली?

लॉस एंजेलिसमध्ये मेजर बिल हेंड्रिक्स नावाचे मरीन रिझर्व्हचे अधिकारी होते. त्यांच्या पत्नी डायन यांनी हाताने एक बाहुली शिवली. रॅगेडी अॅन म्हणतात तशी: लोकरीचे लाल केस, गोल डोळे, आपल्याकडच्या चिंध्यांच्या बाहुलीची अमेरिकन मावसबहीण. नाताळ आला होता. ही बाहुली गरजू मुलांना खेळणी पोचवणाऱ्या एखाद्या संस्थेला देऊन ये, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. हेंड्रिक्स यांनी शोध घेतला, पण तसं काम करणारी संस्थाच सापडेना. घरी येऊन सांगितल्यावर बाई म्हणाल्या, मग तुम्हीच काढा की एक.

संसार केलेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं वाटेल.

त्या वर्षी हेंड्रिक्स आणि त्यांच्या रिझर्व्हमधल्या सोबत्यांनी मिळून ५,००० खेळणी गोळा करून वाटली. मरीन कोअरच्या वरिष्ठांना कल्पना इतकी पटली की १९४८ मध्ये देशभरातल्या मरीन रिझर्व्हच्या सगळ्या ठाण्यांवर ती लागू झाली. एका शहरातली गोष्ट वर्षभरात देशाची झाली.

मला या कथेत बाहुलीपेक्षा तिच्या पत्त्याची अडचण जास्त महत्त्वाची वाटते. त्या काळी लॉस एंजेलिसमध्ये देणारी माणसं नव्हती असं थोडंच आहे? गरजू मुलंही होती. दोघांच्या मधला रस्ता कुणी बांधला नव्हता. पुढची पाऊणशे वर्षं या संस्थेने मुख्यतः तोच रस्ता बांधला: पेट्या, ट्रक, गोदामं, याद्या.

एवढ्या झटपट देशभर पसरली कशी? आणि पेटीवरची आगगाडी डिस्नेची आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे. हेंड्रिक्स आठवड्याच्या सुट्टीत मरीन असले तरी एरवी नोकरीला वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत होते, जनसंपर्क विभागाचे प्रमुख. म्हणजे कुठलीही गोष्ट लोकांच्या कानावर कशी घालायची हे त्यांना पोटापाण्यासाठी येत होतं. त्यांची हॉलिवुडमधली ऊठबस मोहिमेच्या कामी आली. वॉल्ट डिस्ने यांनी छोट्या आगगाडीचं बोधचिन्ह काढून दिलं आणि १९४८ च्या राष्ट्रीय मोहिमेचं पहिलं भित्तिपत्रकही. जॉन वेन, बॉब होप, डोरिस डे, फ्रँक सिनात्रा असे लोक प्रचाराला उभे राहिले. १९५६ मध्ये मोहिमेचं स्वतःचं गाणं आलं, ते नॅट किंग कोल आणि पेगी ली यांनी गायलं. हेंड्रिक्स यांना पुढे १९६२ च्या ऑस्कर समारंभात खास मानद पुरस्कारही मिळाला, तोही मरीन कोअरवरच्याच एका चित्रपटासाठी.

आता कुणी म्हणेल, ही तर जाहिरातबाजी. आहेच. पण शिवणकाम येणारी बायको आणि जाहिरात येणारा नवरा, या दोन्हींतलं एक नसतं तर ती बाहुली शेजारच्या एखाद्या मुलीला मिळाली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती.

त्याआधी कुणालाच हे सुचलं नव्हतं?

सुचलं होतं की. कॅनडात 'टोरोंटो स्टार' या वर्तमानपत्राचे जोसेफ अॅटकिन्सन यांनी १९०६ मध्ये सांताक्लॉज निधी काढला, तो आजही चालतो. डेट्रॉइटमध्ये १९१४ साली जेम्स ब्रॅडी या गृहस्थांनी लहानपणी आपल्यासारखीच वर्तमानपत्रं विकलेल्या जुन्या सवंगड्यांना गोळा केलं. पोटाला लागलेली, मोठी झालेली ही माणसं पुन्हा रस्त्यावर पेपर विकायला उभी राहिली आणि आलेल्या पैशांतून गरीब मुलांचा नाताळ साजरा झाला. एकाही पोराचा नाताळ सुना जाऊ नये, हे त्यांचं ब्रीद. तो गटही अजून आहे.

आणि एक बनवाबनवीची गोष्टही आहे, ती सांगितलीच पाहिजे. मुलं सांताक्लॉजला पत्रं लिहितात. पत्त्यावर उत्तर ध्रुव. टपाल खात्याने करायचं काय? १९१२ मध्ये पोस्टमास्टर जनरल फ्रँक हिचकॉक यांनी स्थानिक पोस्टांना परवानगी दिली, की ही पत्रं नागरिकांना उघडून उत्तरं देऊ द्या. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये जॉन डुव्हल ग्लक नावाच्या माणसाने सांताक्लॉज असोसिएशन काढली. पोस्टाची पत्रं त्याच्याकडे येऊ लागली, तो दात्यांशी गाठ घालून देऊ लागला. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. मग हळूहळू टपाल खर्चाला पैसे द्या, संस्थेच्या भव्य इमारतीला पैसे द्या, असं सुरू झालं. इमारत कधी झाली नाही. शहराचे लोककल्याण आयुक्त बर्ड कोलर यांनी हिशेब मागितले, ते धड मिळेनात, आणि १९२८ मध्ये टपाल खात्याने त्याला पत्रं देणं बंद केलं. पंधरा वर्षं हे चाललं होतं, कारण लहान मुलांच्या नावाने मागणाऱ्याला हिशेब विचारायचा म्हणजे विचारणाराच खलनायक ठरतो.

कुठल्याही खेळणी-मोहिमेला पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारायला मी लोकांना सांगते, ते या ग्लकमहाशयांच्या आठवणीने.

पण हे काम सैन्याने का करायचं?

मला पहिल्यांदा हाच प्रश्न पडला होता. गणवेशातला धिप्पाड जवान हातात गुलाबी घोडा घेऊन उभा, हे दृश्य आपल्या डोळ्यांना जरा विचित्रच दिसतं.

व्यवहाराच्या बाजूने बघितलं तर उत्तर सोपं आहे. रिझर्व्हचे मरीन हे पूर्णवेळ सैनिक नसतात. आठवडाभर ते शिक्षक, सुतार, विमा एजंट असतात आणि महिन्यातून एखादा शनिवार-रविवार कवायतीला जातात. म्हणजे ते गावात राहतात, गाव त्यांना ओळखतं. त्यांच्याकडे मोठे हॉल असतात, माल हलवण्याची सवय असते, आणि वरून हुकूम आला की देशभर एकाच दिवशी काम सुरू होतं. जिथे रिझर्व्हचं ठाणं नाही तिथे निवृत्त मरीनांच्या संघटना किंवा स्थानिक स्वयंसेवक मान्यता घेऊन मोहीम चालवतात. आज अशा ८०० हून अधिक स्थानिक मोहिमा आहेत, पोर्तो रिको आणि ग्वामपर्यंत.

मरीन कोअरलाही यात फायदा आहे, हे लपवायचं कारण नाही. लढाऊ म्हणून ख्याती असलेल्या फौजेला यामुळे प्रेमळ चेहरा मिळतो. १९४७ हे वर्षही असं, की युद्ध संपल्यावर मरीन कोअर वेगळी ठेवायची की नाही यावर वॉशिंग्टनमध्ये वाद चालला होता आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने तिचं स्थान पक्कं झालं. बाहुलीचा आणि या वादाचा संबंध मी जोडत नाही. साल तेवढं एक आहे.

मात्र कितीतरी वर्षं हे सगळं सवयीने, कागदाशिवायच चाललं होतं. १९९५ मध्ये संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी ही मरीन कोअरची अधिकृत मोहीम म्हणून मान्य केली. तोवर ४८ वर्षं झाली होती. सरकारी शिक्का कुठेही सावकाशच बसतो.

आमच्याकडे मुलांची जुनी, पण चांगली खेळणी आहेत. ती का घेत नाहीत?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. थोडा रागही असतो त्यात. म्हणून हे जरा सविस्तर.

पहिली ३० हून जास्त वर्षं जुनी खेळणी घेत होते. १९४७ ते १९७९ नवी-जुनी दोन्ही यायची आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कवायतीच्या शनिवार-रविवारी मरीन ती दुरुस्त करत बसायचे. सायकलची साखळी बसव, मोटारीला चाक लाव, बाहुल्यांच्या घराला रंग दे. बंदूक साफ करायला शिकलेले हात डिंकाने बरबटलेले. त्या काळातल्या लोकांना ही आठवण फार प्रिय आहे, आणि मला ते समजतं. दुकानातून उचलून पेटीत टाकलेल्या वस्तूपेक्षा त्या रंगवलेल्या मोटारीत कुणाचा तरी एक तास जास्त होता.

१९८० पासून नियम बदलला: फक्त नवी. कारणं तीन सांगितली जातात. रिझर्व्हच्या जवानांचा कवायतीचा वेळ कवायतीलाच हवा होता, कारण लष्कराच्या प्रशिक्षणाच्या अपेक्षा वाढल्या होत्या. दुसरं, वापरलेलं खेळणं वाटायचं म्हणजे कायद्याची जोखीम. जुन्या खेळण्याच्या रंगात काय आहे, कुठला तुकडा सुटून बाळाच्या घशात जाईल, याची खात्री कोण देणार? घरगुती वापराच्या रंगांत आणि खेळण्यांवर शिशाचा रंग वापरायला अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली. म्हणजे तोवरच्या कित्येक खेळण्यांवर तो असू शकत होता.

तिसरं कारण मात्र वेगळ्या जातीचं आहे. या मुलांना सांगायचं होतं की तुमचीही कुणाला पर्वा आहे, तुम्हीही मोठं काही करू शकता. दुसऱ्याने वापरून टाकलेल्या वस्तूच्या तोंडून हा निरोप नीट पोचत नाही.

इथे आपलं आपल्याला तपासून पाहावं. दिवाळीची आवराआवर झाली की तीन चाकांची मोटार आणि एक हात नसलेली बाहुली कामाच्या मावशींच्या पिशवीत जाते. आपल्याला हलकं वाटतं, माळाही रिकामा होतो. त्या मुलाला मोटार आवडतेही, खोटं कशाला बोला. पण दरवर्षी आपल्या वाट्याला तीन चाकंच येतात हे त्याला फार लवकर कळतं. थोरल्याचा शर्ट धाकट्याने घालणं वेगळं. ते घरातलं असतं आणि थोरल्यालाही कधीतरी नवा मिळालेला धाकट्याने पाहिलेला असतो.

पर्यावरणवाले मित्र म्हणतात, इतकं प्लॅस्टिक नव्याने विकत घेणं बरं नव्हे. बरोबर आहे. मीही त्यांच्याशी हुज्जत घालत नाही. फक्त, तो काटकसरीचा प्रयोग गरिबांच्या मुलांपासून सुरू करण्याऐवजी आपल्या घरच्या वाढदिवसापासून करून बघावा एवढंच म्हणते.

तुमची जुनी खेळणी गुडविलसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत द्या, शेजारच्या 'बाय नथिंग' या फुकट देवघेवीच्या गटात टाका. तिथे ज्याला हवं तो स्वतः निवडून नेतो.

ती बाहुली घरी शिवलेली होती. आज ती चालली असती?

प्रश्न खोचक आहे आणि मला आवडतो. नवी होती, कुणी खेळलेली नव्हती, एवढी अट ती पुरी करत होती. पण आज पेट्यांमध्ये येतो तो बहुतेक सगळा दुकानातला माल: डबाबंद, वयाचा आकडा छापलेला. गोदामात निवडणाऱ्याला तो आकडा फार सोयीचा पडतो. घरी शिवलेल्या बाहुलीवर आकडा नसतो.

पैसे दिले तर कुठे जातात?

१९९१ मध्ये मरीन टॉयज फॉर टॉट्स फाउंडेशन ही करमुक्त धर्मादाय संस्था स्थापन झाली. गणवेशातल्या जवानांनी लोकांकडून पैसे गोळा करणं आणि त्याचे हिशेब ठेवणं शक्य नव्हतं, आणि नुसत्या पेट्यांवर विसंबलं तर एका गावात ढीग, दुसऱ्यात दुष्काळ. फाउंडेशन पैसा उभा करतं, कंपन्यांशी बोलतं, कमी पडणाऱ्या ठिकाणी खेळणी विकत घेऊन पाठवतं. कार्यालय व्हर्जिनियात क्वांटिको या मरीन तळाजवळ आहे. मिळालेल्या मदतीतला ९७ टक्के वाटा प्रत्यक्ष कामावर खर्च होतो असं संस्था सांगते. देण्याआधी संस्थेचा आयकर खात्याला सादर केलेला वार्षिक अहवाल उघडून पाहा, तो सगळ्यांना खुला असतो. वरचे ग्लकमहाशय आठवा.

भेट आहे तर सुंदर कागदात गुंडाळून का द्यायची नाही?

कारण आम्हाला ती फाडावी लागते! आत काय आहे ते कळल्याशिवाय कुठल्या वयाच्या ढिगात टाकायचं हे कळत नाही. कधी आत वापरलेली वस्तू असते, कधी खाऊ असतो, कधी हुबेहूब खऱ्यासारखं पिस्तूल असतं, आणि ती चालत नाहीत. दुसरं असं, की खेळणं गुंडाळायचा आनंद आई-बापांचा आहे. बऱ्याच ठिकाणी पालक येऊन वस्तू घेतात, घरी नेऊन आपल्या हाताने गुंडाळतात आणि सकाळी झाडाखाली ठेवतात. मुलाच्या लेखी ती सांताची किंवा आईची भेट असते. मधले आपण कुठेच नसतो, आणि तसंच असायला हवं. कागदाची गुंडाळी मात्र वेगळी पेटीत टाकलीत तर दुवा मिळेल.

आपण ख्रिस्ती नाही. तरी चालतं?

चालतं. देणाऱ्याचा धर्म कुणी विचारत नाही. घेणाऱ्याचं काय, हा प्रश्न मात्र एकदा गाजला होता. २००६ च्या नोव्हेंबरात एका कंपनीने बायबलमधली वचनं बोलणाऱ्या येशूच्या ४,००० बाहुल्या देऊ केल्या. संस्थेने आधी नाही म्हटलं: ज्यू किंवा मुस्लिम घरात ती गेली तर? देशभर गदारोळ झाला. नाताळ कुणाच्या नावाने असतो हेच विसरलात का, असं लोक विचारू लागले. लगेच संस्थेने निर्णय फिरवला आणि बाहुल्या स्वीकारल्या. मला दोन्ही बाजूंचं पटतं, त्यामुळे वाद घालायला मी निरुपयोगी आहे. गोदामाच्या दृष्टीने पाहिलं तर चेंडू, रंगपेटी, ठोकळे हे तिन्ही-चारही धर्मांत सारखेच लोकप्रिय आहेत.

कशाची कमतरता असते?

मोठ्या मुलांच्या वस्तूंची. पेटी म्हटलं की सगळ्यांना टेडी बेअर आठवतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला टेडी दिलात तर तो घेईल, आणि तोंड फिरवून जाईल. त्याला फुटबॉल, हेडफोन, चांगली पाठपिशवी, बुद्धिबळाचा पट द्या. अगदी तान्ह्या बाळांच्या फळ्याही लवकर रिकाम्या होतात. मधल्या, पाच ते आठच्या ढिगाला मात्र मरण नाही. पुस्तकंही द्या. २००८ पासून संस्थेचा वाचनाचा वेगळा उपक्रम आहे.

आणि गोरी, निळ्या डोळ्यांची बाहुली सोडून दुसरी दिसली तर तीच घ्या. ढिगात ती शोधणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

माझं खेळणं नक्की कुणाला मिळतं?

ज्या भागात पेटीत पडलं, त्याच भागातल्या कुणाला तरी. पालक स्थानिक मोहिमेकडे नाव नोंदवतात, किंवा समाजकल्याण संस्था, चर्च, शाळा याद्या देतात. नोंदणी बहुतेक ठिकाणी डिसेंबर उजाडायच्या आत-बाहेर बंद होते, तेव्हा कुणाला गरज असेल तर ऑक्टोबरातच सांगा. मदत मागायला लाजणारी मराठी घरंही आहेत. नोकरी गेलेली, व्हिसावर अडकलेली. नियम प्रत्येक गावाचे वेगळे असतात, आधी विचारावं.

आतापर्यंत किती?

६० कोटींहून जास्त खेळणी. अलीकडे वर्षाला दोन कोटींच्या वर जातात. २०२० मध्ये टाळेबंदीत घरी कोंडलेल्या मुलांसाठी नाताळाची वाट न पाहता २० लाखांच्या आसपास खेळणी, पुस्तकं वाटली गेली.

खेळणं देऊन गरिबी हटते का?

नाही. ज्यांना भाडं भरायचं आहे त्यांना बाहुलीने भाडं भरता येत नाही. पण डिसेंबरात भाडं की खेळणं अशी निवड करणाऱ्या आईला निदान एक बाजू सुटते. एवढंच या कामाचं माप आहे, त्याहून मोठं मी सांगणार नाही.

मुंबई-पुण्यात असं काही आहे का?

मुंबईत २००४ पासून 'टॉयबँक' काम करते. आधी खेळणी गोळा करून वाटण्यापासून सुरुवात झाली, पुढे शाळांमध्ये मुलांना खेळायला वेळ, जागा आणि सोबत मिळावी याकडे ती वळली. तिथे खेळणं एका मुलाच्या घरी न जाता खेळाच्या जागी राहतं आणि पुष्कळ मुलं त्याच्याशी खेळतात. इकडच्या मोहिमेशी तुलना करायला बसलात तर संध्याकाळ जाईल. एका मुलाचं स्वतःचं, उशाशी घेऊन झोपायचं खेळणं आणि सगळ्यांचं मिळून एक खेळणं, या दोन वेगळ्या गरजा आहेत.

सेल घालून द्यायचे का?

आत घालू नका, गळतात. डबा न फोडता नवे सेल बाहेरून चिकटपट्टीने लावून द्या. नाताळच्या सकाळी दुकानं बंद असतात.